सोळा पायऱ्या आणि एक मृदंग



रत्नागिरी शहरास लागून असलेलें मिरजोळे हें गांव आज बहुतेकांस औद्योगिक वसाहतीमुळें आणि विमानतळामुळें ठाऊक आहे. परंतु शिमग्याचे दिवस आले कीं अशा गांवांतही मृदंग आणि झांजा बाहेर निघतात आणि रात्रीं अंगणांत नमनाच्या तालमी सुरू होतात.

तेथल्या अशाच एका तालमीस बसण्याचा योग मला आला. मृदंगाशेजारीं एक तरुण सिंथेसायझर घेऊन बसला होता. सिंथेसायझर म्हणजे विजेच्या साह्यानें स्वर निर्माण करणारी पेटी. तिच्यांत स्टेप सीक्वेन्सर नांवाची एक सोय असते. आपण एक जिना डोळ्यांपुढें आणावा. त्याच्या प्रत्येक पायरीवर एक स्वर ठेवावयाचा, किंवा पायरी रिकामी सोडावयाची. यंत्र एकेक पायरी चढत जातें आणि शेवटच्या पायरीवरून पुन्हां पहिलीवर येतें. पुष्कळ यंत्रांत अशा पायऱ्या सोळा असतात. आपल्या त्रितालाच्या मात्राही सोळाच. तेव्हां हें यंत्र आपल्यासाठींच घडलें कीं काय, असें वाटतें.

पण दादऱ्याच्या मात्रा सहा आणि रूपकाच्या सात. दादरा सोळा पायऱ्यांत बसवूं गेल्यास दोन आवर्तनें पुरीं होऊन चार पायऱ्या उरतात आणि सम हरवते. यावर उपाय सोपा आहे. दादऱ्यास बारावी आणि रूपकास चौदावी पायरी शेवटची ठरवून द्यावी.

खरी अडचण निराळीच होती. संकासुराच्या प्रवेशास मृदंग वाजवणाऱ्या आबांनीं लय किंचित् रोखून धरली. सोंग अजून अंगणांत यावयाचें होतें. यंत्र मात्र आपल्या आंतल्या घड्याळाप्रमाणें पुढें निघून गेलें. नाचणाऱ्यांचे पाय अडखळले. आबांनीं मृदंगावरचे हात काढले आणि म्हणाले, "बाबू, तुजी पेटी माज्यासाठी थांबत नाय. मग मी कुनासाठी वाजवू?"

हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नव्हता. नमनांत लय ज्याच्या हातीं, खेळ त्याच्या हातीं. ती लय घड्याळाकडे गेली, तर आबांचें तेथें काय काम उरलें?

उत्तर यंत्राच्या घडणींतच आहे. १९८२ सालीं रोलंड कंपनीनें एसएच-१०१ नांवाचा एक लहानसा सिंथेसायझर काढला. त्यांत शंभर पायऱ्यांपर्यंत स्वर भरतां येत, आणि बाहेरून ठोका घेण्याची सोय होती. एक ठोका आला कीं एक पायरी. ठोका न आला तर यंत्र तेथेंच उभें. आजच्याही अनेक वाद्यांत ही सोय आढळते. तो ठोका दुसऱ्या तालयंत्राकडून येऊं शकतो, तसाच माणसाच्या थापेनेंही येऊं शकतो.

त्याच १९८२ सालीं मुंबईच्या चित्रपटसंगीतांतील वादक चरणजित सिंग यांनीं दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. ठेका आणि खर्जाचे स्वर पायऱ्यांच्या यंत्रांवर चालत होते. राग मात्र त्यांच्या बोटांतून उतरत होते. २०१० सालीं ती तबकडी पुन्हां निघाली, तेव्हां युरोपांतले रसिक चकित झाले. तेथें ठेका अढळ हवा होता, म्हणून घड्याळ शोभलें. नमनांत ठेक्यास थांबतां आलें पाहिजे.

दुसऱ्या रात्रीं त्या तरुणानें आबांच्या उजव्या बाजूस एक विजेचें पॅड ठेवलें आणि त्याची तार पेटीस जोडली. मात्रेच्या थापेबरोबर एक मुलगा पॅडवर टिपरी मारी, आणि पेटी एक पायरी चढे. प्रथम मृदंगाच्या कंपानेंच पॅड दचके आणि एक पायरी फुकट जाई. मग पॅड जाड गोणपाटावर दूर ठेवलें, त्याची संवेदना कमी केली, आणि चुकल्यास समेवर पहिल्या पायरीस परत आणणारी कळ तरुणानें बोटाखालीं धरली. येवढी व्यवस्था पुरेशी झाली.

याच नभोवाणीवर १९४० पासून तीन दशकें हार्मोनियमास मज्जाव होता. १९७१ नंतरच तो सैल झाला. पेटीचे स्वर गळ्याबरोबर वळत नाहींत, हा त्या वेळचा आक्षेप. आज तोच आक्षेप लयीविषयीं घेतला जातो आणि तो निराधार नाहीं. म्हणून ज्यांच्या घरीं मुलांनीं असें वाद्य आणलें असेल, त्यांनीं एवढेंच पाहावें, कीं ठोका कोणाकडून येतो.

त्या रात्रीं संकासूर अंगणाच्या कडेस उभा राहिला. आबांनीं हात वर धरला. मृदंग थांबला, टिपरी थांबली, आणि पेटीही सहाव्या पायरीवर उभी राहिली. मग आबांनीं हंसून थाप दिली.