मोटारसायकलचें वजन

श्रोतेहो, मोठी क्रूझर मोटारसायकल नुसती बैठकीवरून पारखूं नये. ‘रॉयल एनफील्ड’ची २०२३ सालीं भारतांत विक्रीस आलेली ‘सुपर मीटिअर ६५०’ घ्या. इंधनासह वजन २४१ किलो. बैठक मात्र जमिनीपासून अवघी ७४० मिलिमीटर. दोन्ही पाय सहज टेकतात आणि गिऱ्हाईक भुलतें! पुढचा फोर्क कललेला, दोन चाकांतील अंतर लांब. म्हणून हमरस्त्यावर ती नाकासमोर चालते, गल्लीच्या वळणावर मात्र रुसते. वजनाचा खरा प्रत्यय येतो तो उताराकडे तोंड करून उभी केलेली गाडी मागें ढकलतांना. मागें जाण्याचा गिअर तिला नाहीं. पैसे मोजण्यापूर्वीं ती आपल्या दारीं आणवून एकट्यानें मागें सारून पाहावी. शेजारी हसले तर हसोत. आणि उभ्या जागीं ती कलंडूं लागलीच, तर सावरण्याच्या भरीस न पडतां पाय आधीं बाजूस घ्यावा.