कार्तिक ते नाताळ : एका आजीचं बोलणं

(प्रभाग संघाच्या सभेत आपल्या एका सदस्य आजीने केलेले भाषण. सभेला न आलेल्या बायांनाही वाचता यावे म्हणून जसे बोलल्या तसेच छापत आहोत.)

मला सांगितलं, आजी, तुम्ही घरातलं काहीतरी बोला. म्हटलं, माझ्या घरात बोलण्यासारखं काय असणार? चूल, नातवंडं, दोन शेळ्या आणि तीस गुंठे भाताची जमीन. मग वाटलं, तुमच्यातल्या निम्म्याजणी आज्या आहात, किंवा चार वर्षांत होणार आहात. तुमचंही घर असंच असणार. म्हणून बोलते.

आपल्या मुरबाड-शहापुरात दिवाळी सरली की गाव कसं दिसतं ते तुम्हाला ठाऊक आहे. हळवं भात आधीच खळ्यावर आलेलं असतं, गरव्याची कापणी चाललेली असते. माळावरचं गवत पिवळं पडतं, कापलं जातं, गठ्ठे बांधून ट्रकने मुंबईच्या तबेल्यांकडे जातं. पहाटे काळू नदीवर धुकं बसलेलं असतं. शेपटी हलवणारा तो धोबी पक्षी अंगणात येतो, माझी धाकटी नात त्याला "आला गं पाहुणा" म्हणते. आणि त्याच दिवसांत पाड्यापाड्यावर टेंपो येऊन उभा राहतो. भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं सगळं त्यात चढतं आणि वीटभट्टीकडे निघतं. पक्षी यायला आणि माणसं जायला एकच गाठ.

माझ्या घरचंच सांगते. दोन वर्षांमागे मुलगा, सून आणि दोन्ही नातवंडं अशी सगळी भट्टीवर गेली, वसईच्या बाजूला. गणपतीत भट्टीवाल्याकडून पंचवीस हजार बयाणा घेतला होता. सून पोटुशी होती. मी म्हटलं, तिला ठेवा. मुलगा म्हणाला, "आई, भट्टीवर जोडी लागते. एकट्याला कोण घेतो?" खरंच होतं ते. एक चिखल मळतो, एक विटा पाडतो, हिशोब हजार विटांवर, आणि वहीत नाव नवऱ्याचं. बाईचे हात त्या वहीत कुठे दिसत नाहीत.

त्या वर्षी मार्गशीर्षात सून तिथेच खोपटात बाळंत झाली. दवाखान्याचं कार्ड घरी माझ्या पेटीत राहिलं होतं. नातू तिसरीत होता, त्याचं नाव शाळेत होतं आणि तो विटा उलथत होता. मे महिन्यात परत आले तेव्हा बयाणा आणि दर आठवड्याची खर्ची वजा जाऊन हातात चार हजार राहिले. बाळ मात्र धड होतं, देवाची कृपा.

पुढच्या वर्षी मी हट्ट धरला. म्हटलं, थोरला आणि धाकटी माझ्याकडे राहतील. तान्हं तेवढं घेऊन जा. मुलगा कबूल झाला. टेंपो निघाला तेव्हा धाकटी रडली नाही, थोरलाच रडला. आता नुसतं "आजीने पोरं सांभाळली" असं म्हणून सोडून देतात लोक. ती सांभाळली म्हणजे काय, ते तुम्हीच डोळ्यांपुढे आणा.

तुम्ही पाच वाजता उठता. पाणी आणता, कारण उन्हाने ओहोळ आटायला लागलेला असतो. आपल्या शहापूर तालुक्यातल्या तानसा धरणाचं पाणी 1892 पासून मुंबईला जातंय, भातसाचंही जातंय, आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकर येतात. पण तो विषय निराळा, त्याला वेगळी सभा लागेल. तर पाणी, मग भाकरी, मग पोरांच्या आंघोळी. थोरल्याला शाळेत धाडता. धाकटीला सोबत घेऊन खळ्यावर भात झोडता. पेंढा रचता. भात निघालेल्या शेतात ओल असते तोवर वाल टाकून घेता, उशीर केला तर जमीन दगड होते. एकदा उगवला की वालाला पाणी द्यावं लागत नाही, रात्रीच्या दवावर तो वाढतो. दुपारी रानातून कंद उकरून आणता, आवळे वेचता. संध्याकाळी शेकोटी. अंगणात तुळशीचं लग्न लावता, मार्गशीर्षात गुरुवार धरता. आणि रात्री पोर मध्येच उठून "आई कधी येणार" विचारते, तेव्हा काय सांगायचं ते ठरवता.

एवढं सगळं जमलं हो मला. रडले नाही. जमलं नाही ते पोटाचं.

आमचं भात शिमग्यापर्यंत कसंबसं पुरतं. त्या वर्षी पावसाने ऐन कापणीत झोडपलं, निम्मंच आलं. रेशनला गेले तर माझा अंगठा उठेना. विळा धरून, भांडी घासून बोटांच्या रेषाच गेल्यात. दोन फेऱ्या रिकाम्या गेल्या. तिसऱ्या वेळी मधल्या बोटाने उठला. (तुमचाही उठत नसेल तर दुसरी बोटं लावून बघा, लाजू नका.) आणि एक मला तेव्हा माहीत नव्हतं, ते तुम्ही लिहून घ्या. आता रेशनकार्ड एकच असलं तरी भट्टीवर गेलेल्या माणसाला तिथल्या दुकानात आपल्या वाट्याचं धान्य उचलता येतं, आणि उरलेलं घरच्यांना गावच्या दुकानात. अंत्योदय नसेल तर माणशी पाच किलो, फुकट. ते न कळल्यामुळे मुलगा तिथे विकतचा तांदूळ खात होता.

मार्गशीर्षाच्या दुसऱ्या आठवड्यात डब्यात दोन दिवसांचे तांदूळ राहिले. मी आपल्या बचत गटात कर्ज मागितलं. सहा हजार. तेव्हा काय झालं ते तुम्हाला सांगायला मला अवघड वाटतं, कारण गट माझाच आहे, त्या बाया माझ्या मैत्रिणी आहेत. विचारलं, कशासाठी? म्हटलं, खायला. सगळ्या गप्प बसल्या. मग एक जण म्हणाली, "आजी, गटाचं कर्ज धंद्याला असतं. शेळी घ्या, शिलाई मशीन घ्या. पोटाला दिलं तर फेडणार कशातून?"

मी त्या दिवशी घरी आले आणि रात्रभर तोच विचार. भट्टीवाला कशाला पैसे देतो? तो कधी विचारतो का, धंदा काय करणार? तो भाद्रपदात येतो, घरात दाणा नसतो तेव्हा. पोटाला देतो, लग्नाला देतो, आजारपणाला देतो. आणि त्याची फेड तो आपल्या माणसाच्या अंगातून काढतो, सहा महिने. आपण काय करतो? आपण दिवाळीनंतर, खळ्यावर भात असताना, शेळीला कर्ज देतो. मग माणसं त्याच्या दारात जाणार नाहीत तर काय करतील?

माझी आजी लग्नगड्याच्या गोष्टी सांगायची. लग्नापुरतं सावकाराकडून कर्ज काढायचं आणि नवराबायकोने जन्मभर त्याच्याकडे राबायचं. 1945 साली टिटवाळ्याला शेतकऱ्यांची परिषद भरली, गोदावरी परुळेकर तिथे होत्या, आणि त्यानंतर आपल्या ठाणे जिल्ह्यात वारल्यांनी वेठ बंद पाडली. 1976 ला कायदाच आला. बयाणा फिटला नाही म्हणून कुणालाही कोंडून, अडवून ठेवता येत नाही. तसं झालं तर प्रांताकडे, जिल्हाधिकाऱ्याकडे जायचं. कायदा आहे. पण दिवाळीआधी डब्यात दाणे नसतील तर कायदा चुलीवर शिजत नाही.

पुढच्या बैठकीत मी हेच सगळं बोलले. भांडलेच म्हणा. एक तास चाललं. शेवटी चार हजार मंजूर झाले, सहा नाहीत. वाल निघाल्यावर फेडायचं ठरलं. म्हशाची जत्रा पौष पौर्णिमेला असते, तोवर ओल्या शेंगा विकायला येतात. मी शेंगा विकल्या, आवळे विकले, फाल्गुनात शेवटचा हप्ता दिला. आमच्या गटाच्या वहीत "खाण्यासाठी" असं लिहिलेलं ते पहिलं कर्ज.

आता नाताळचं सांगते, कारण पोरं अजून तेच बोलतात.

25 डिसेंबरला शाळेला सुट्टी. मी दोन्ही नातवंडांना घेऊन आईबापाला भेटायला निघाले. एसटीने कल्याण, तिथून लोकलने दिवा, दिव्याहून वसईची गाडी. डब्यात तांदळाच्या भाकरी, वालाचं बिरडं आणि लसणाची चटणी. वसईला उतरून रिक्षा केली. वाटेत ख्रिस्ती लोकांची वाडी लागली. प्रत्येक घरावर कागदाची चांदणी टांगलेली, आत दिवा. धाकटी म्हणाली, "आजी, यांचा आकाशकंदील अजून उतरवला नाही?" रिक्षावाला हसला आणि एका घरापुढे थांबला.

अंगणात गोठा मांडला होता. बाहुल्यांचा, पण खरा पेंढा घातलेला. गाय, गाढव, मेंढरं, मध्ये बाळ आणि त्याची आई. घरातली बाई बाहेर आली. माझ्याच वयाची असेल. तिची बोली आमच्याहून निराळी, पण मराठीच. तिने पोरांच्या हातात करंजी ठेवली, केकचा तुकडा दिला. मी विचारलं, बाळ गोठ्यात का हो? ती म्हणाली, "खानेसुमारीसाठी नवऱ्याच्या गावी निघाली होती ती. दिवस भरलेले. उतरायला कुठे जागा मिळाली नाही. मग गोठ्यातच बाळंत झाली."

मी काही बोलले नाही. माझ्या डोळ्यांपुढे माझी सून, ते खोपटं, विटांचा धूर. त्या बाईला सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही. पेंढा मात्र मी हाताने सारखा केला, वाऱ्याने उडाला होता. ती बघत राहिली.

भट्टीवर पोचलो तेव्हा दुपार झाली होती. सून चिखलाच्या हातांनीच धावत आली. मुलगा डबा उघडून उभ्यानेच जेवला. संध्याकाळी निघताना धाकटी आईला सोडेना. तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. ते काम सुनेने केलं नाही, मी केलं. हे पण आजीचंच काम, बायांनो, आणि ते कुठल्या वहीत लिहीत नाहीत.

यंदाचं थोडक्यात. यंदा आमच्या गटाने श्रावणातच तीन घरांना खाण्यासाठी कर्ज दिलं, प्रत्येकी आठ हजार. आमचं त्यातलं एक. मुलाने बयाणा घेतला नाही. तरी तो गेलाच भट्टीवर, विटा भरायच्या रोजावर, एकटा. हिशोब आठवड्याचा आठवड्याला. जोडीपेक्षा पैसे कमी मिळतात, हे मी लपवणार नाही. मला आणि त्याला त्यावरून दोनदा वाजलंय. पण सून आणि तिन्ही पोरं घरी आहेत. सून सकाळी भेंडी तोडायला जाते, दुपारपर्यंत परत. नातू पाचवीत गेला. तीन घरांपैकी एका घराने आठ हजारही घेतले आणि बयाणाही घेतला, गेली सगळी टेंपोत. त्यांचे हप्ते थकलेत. गटात त्यावरून कुरबुर आहे. मला विचारलंत तर पुढच्या श्रावणातही द्यावं, पण आधी त्या घरच्या आजीशी बोलून द्यावं. मुलाशी नाही, आजीशी. घरात कितीचे दाणे आहेत हे तिलाच माहीत असतं.

आणि ज्यांची पोरं जाणारच आहेत, त्यांनी निघण्याआधी गुरुजींकडून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. ते दाखवलं की भट्टीजवळच्या शाळेत बसता येतं, आणि वर्षाच्या मध्येही शाळेला नाही म्हणता येत नाही. पोटुशी बाई जाणार असेल तर तिचं कार्ड तिच्या पिशवीत ठेवा. माझ्यासारखं पेटीत नको.

आता मी आवरते, शेळ्या सोडायच्या आहेत. नाताळला मुलगा एक दिवस घरी येतो म्हणालाय. धाकटीने वहीचा पुठ्ठा कापून चांदणी केली आहे, लाल कागद चिकटवून, एक टोक वाकडं झालंय. दारावर टांगते म्हणते. मी म्हटलं टांग. कडवे वाल आज रात्री भिजत घालीन म्हणजे परवा मोड येतील.