प्रार्थनेच्या खोलीचे दार



पुण्याच्या शारदा सदनात, ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थनेला बसत, तेव्हा खोलीचे दार लावून घेत नसत. हळूहळू काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या आणि धर्मांतराच्या भीतीने गावात काहूर माजले. 1893 मध्ये रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घ्या, असेच कोणीही शहाणा माणूस सांगेल. रमाबाईंनी कोणावर सक्ती केली नाही, पण दारही लावले नाही.

मराठी ख्रिस्ती माणसाच्या धाडसाची गोष्ट निघाली की ती बाप्तिस्म्यापाशी येऊन थांबते. नारायण वामन टिळकांचीही तशीच सांगितली जाते. आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार हाती दिला, 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा झाला, आप्त तुटले, पत्नी लक्ष्मीबाईंशी काही वर्षे ताटातूट झाली. हे सगळे खरेच. पण टिळकांचे त्याहून मोठे धाडस 1917 चे. वय पंचावन्न, कवी म्हणून नाव झालेले, अमेरिकन मराठी मिशनचा आधार पाठीशी. तो सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही तिथे जागा होती. मे 1919 मध्ये ते गेले आणि दरबार पुढे फार चालला नाही. व्यवहाराच्या वहीत ही नोंद तोट्याचीच पडेल. त्यांची भजने आजही रविवारी भक्तीने गायिली जातात. या तोट्याविषयी मात्र आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत फारसे बोलले जात नाही.

लक्ष्मीबाईंचे धाडस स्वयंपाकघरातले होते. नवऱ्याजवळ राहायला आल्या तरी त्यांनी आपले सोवळे, आपले पाणी वेगळेच ठेवले. जात माणसाने केली, असे स्वतःच्या मनाने घेतले तेव्हाच ते सुटले. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येशूच्या दाखल्यातला तो चाकर मात्र धाडस टाळणारा. त्याने चोरी केली नव्हती की उधळपट्टी. धन्याचा पैसा त्याने जमिनीत पुरला आणि जसाच्या तसा परत आणून दिला. धनी संतापला तो त्याच्यावरच! मंडळीच्या पंचकमिटीच्या बैठकीत आवार, भाडेकरू आणि कोर्टाच्या तारखा यांतच वेळ सरतो, तेव्हा हा चाकर आठवल्यावाचून राहत नाही. मालमत्ता राखायलाच हवी. पण मंडळीत लग्न जमवताना आजही हळूच जात विचारली जाते, आणि त्यावर कथा लिहिणाऱ्याला ‘घरातले घरातच राहू दे’ असे समजावले जाते. त्या कथेला साहित्याच्या या व्यासपीठावर जागा मिळालीच पाहिजे.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना वेदीपाशी स्वस्थ राहता आले असते. 1988 पासून ते हरित वसईच्या चळवळीसाठी रस्त्यावर उतरत राहिले. 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले तेव्हा केवळ धर्मगुरू म्हणून विरोध झाला, धमक्या आल्या. प्रकृती साथ देत नव्हती, तरी ते गेले आणि बोलले.

आणि पुन्हा रमाबाईच. 1896–97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या. प्लेगमुळे पुण्यात त्यांना ठेवायला सरकारची परवानगी मिळेना, म्हणून केडगावच्या शेतावर तंबू ठोकले. तिथेच पुढे मुक्ती सदन आणि त्याचा छापखाना उभा राहिला. मिशनऱ्यांनी केलेले मराठी बायबल बाजारात होते, तरी खेड्यातल्या बाईला ऐकताच कळेल असे बायबल हवे म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि जड संस्कृत शब्द वगळत एकहाती भाषांतराला बसल्या. एरवी कोणी अक्षरही शिकवले नसते अशा मुक्ती सदनातल्या बायका खिळे जुळवत होत्या, पाने छापत होत्या, पुस्तके बांधत होत्या. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले ते 1924 मध्ये.