चिमटीतलं बळ

बरणीचं झाकण उघडत नाही म्हणून ती मुलाच्या हातात दिली जाते. कुलपात किल्ली फिरवायला दुसऱ्या हाताचा आधार लागतो. वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावताना कळ थेट मनगटापर्यंत जाते. अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या सांध्याची झीज अशी रोजच्या कामांतून जाणवू लागते. रजोनिवृत्तीनंतरच्या बायकांमध्ये ती फार आढळते, आणि बहुतेक घरांत ‘वयाचं दुखणं’ म्हणून तिच्याकडे काणाडोळा होतो.

हा सांधा लहान, पण त्याच्यावरचं ओझं मोठं. मनगटात आठ छोटी हाडं असतात. त्यांतलं ट्रॅपीझियम नावाचं हाड अंगठ्याच्या मुळाशी असतं. त्याचा माथा घोड्याच्या खोगिरासारखा असतो आणि अंगठ्याचं पहिलं हाड त्यावर स्वारासारखं बसतं. या खोगिरामुळेच अंगठा पुढे, मागे, आडवा फिरतो आणि चारही बोटांच्या टोकांना जाऊन भिडतो. रांगोळीची रेघ, फुलवात, मोदकाची कळी ही सगळी त्याचीच कामं. अमेरिकेतल्या कूनी आणि चाओ या संशोधकांनी १९७७ साली या सांध्यावरच्या दाबाचा हिशेब मांडला. चिमटीत एक किलोचा जोर धरला, तर बुडाच्या सांध्यावर सुमारे १२ किलोंचा दाब येतो. मूठ घट्ट आवळली, की हाच दाब १२० किलोंपर्यंत जाऊ शकतो. ओली चादर पिळताना, नारळ खवताना त्या इवल्या खोगिरावर काय येत असेल, याचा अंदाज या आकड्यांवरून करता येतो.

झीज दिसली की लगेच शस्त्रक्रिया, असं मात्र नाही. एक्स-रेमध्ये सांधा पार झिजलेला दिसतो आणि बाईला फारसं दुखत नाही, असंही पुष्कळदा होतं. आधी आधाराचा पट्टा, वेदनाशामक गोळ्या, सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन, अशी वाट चालून पाहतात. तरीही रात्रीची झोप उडत असेल, हातातून कप निसटत असेल, तर शस्त्रक्रियेचा विषय निघतो.

ती शस्त्रक्रिया ऐकताना थोडी विलक्षण वाटते, कारण मुख्य काम असतं झिजलेलं ट्रॅपीझियम हाड काढून टाकणं. जर्व्हिस या ब्रिटिश शल्यविशारदांनी १९४९ साली ही पद्धत मांडली. मग त्या पोकळीचं काय होतं, हा प्रश्न प्रत्येक पेशंट विचारतो. तिथे आधी रक्त साकळतं आणि पुढे त्याचीच चिवट, लवचीक जखमेची ऊती तयार होते. अंगठा त्या गादीवर टेकतो. १९८६ साली अमेरिकेतल्या बर्टन आणि पेलेग्रिनी यांनी यात भर घातली. मनगटाजवळच्या एका स्नायूबंधाची पट्टी घेऊन तिने अंगठ्याच्या हाडाला आधार द्यायचा आणि उरलेली पट्टी गुंडाळून पोकळीत ठेवायची. त्या गुंडाळीला शल्यविशारद ‘अँकोव्ही’ म्हणतात. अँकोव्ही हा एक छोटा मासा, आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या मांदेलीच्याच कुळातला. काही ठिकाणी कृत्रिम सांधाही बसवतात. या सगळ्या पद्धतींची तुलना करणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१५ सालच्या आढाव्यात कुठलीच एक पद्धत बाकीच्यांहून सरस ठरली नाही. त्यामुळे कोणती पद्धत निवडली याची चिंता जितकी होते, तितकीच टाके घातल्यानंतरच्या महिन्यांची व्हायला हवी. ती सहसा होत नाही.

पहिली रात्र विचित्र असते. काखेपाशी किंवा मानेपाशी दिलेल्या भुलीमुळे अख्खा हात दुसऱ्या दिवसापर्यंत लाकडासारखा राहू शकतो. भूल उतरू लागण्याआधीच सांगितलेली गोळी घेतलेली बरी, कारण कळ एकदा उसळली की आवरायला वेळ लागतो. पहिले काही दिवस हात छातीपेक्षा उंच राहील असा उशांवर ठेवायचा. मोकळी असलेली बोटं, कोपर आणि खांदा मात्र हलवत राहायचं, नाहीतर अंगठ्याच्या दुखण्यात खांद्याच्या आखडण्याची भर पडते. अंगठ्या आणि बांगड्या रुग्णालयात जायच्या आधीच उतरवाव्यात. सुजलेल्या बोटात रुतलेली अंगठी शेवटी कापावी लागते.

टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात. प्लास्टर किंवा स्प्लिंट सहसा चार ते सहा आठवडे असतं. हे आठवडे दुखण्यापेक्षा परावलंबनामुळे जड जातात. ब्लाउजची हुकं लागत नाहीत, वेणी घालता येत नाही. शस्त्रक्रिया उजव्या हाताची असेल तर डाव्या हाताने, चमच्याने जेवावं लागतं. ज्या बाईने जन्मभर प्रसाद उजव्या हातात घेतला, तिला डावा हात पुढे करताना अवघडल्यासारखं होतं. वरवर किरकोळ दिसणारी ही गोष्ट डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेली नसते, पण घरातल्यांनी ती ओळखून असावं.

प्लास्टर निघतं तेव्हा पुष्कळ जणी घाबरतात. अंगठा रोडावलेला, कातडी पापुद्र्यासारखी, सांधा लाकूड झालेला. शस्त्रक्रिया फसली की काय, असं वाटतं. फसलेली नसते; इतके आठवडे बांधून ठेवलेला हात असाच दिसतो. खरी मेहनत इथून पुढे आहे आणि ती ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा फिजिओथेरपिस्टच्या मदतीने करायची असते. हाताला पुन्हा रोजच्या कामात आणण्याचं हे शास्त्र भारतात रुजलं ते मुंबईत. जन्माने अमेरिकन असलेल्या आणि निंबकरांच्या घरात लग्न करून आलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं देशातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. आज महाराष्ट्रातल्या एखाद्या रुग्णालयात कुणाचा अंगठा हळूहळू वळवून घेतला जातो, त्यामागे कमलाबाईंनी घालून दिलेली परंपरा आहे.

व्यायाम दिसायला सोपे असतात. अंगठ्याचं टोक आधी तर्जनीला लावायचं, मग मधल्या बोटाला, अनामिकेला, करंगळीला, आणि तिथून खाली करंगळीच्या बुडाकडे सरकवत न्यायचं. कपांजी या फ्रेंच शल्यविशारदांनी या हालचालीचं शून्य ते दहा असं मापन तयार केलं आहे. करंगळीच्या बुडाजवळच्या तळव्यावरच्या रेषेपर्यंत अंगठा पोचला, की दहापैकी दहा. जखम पूर्ण भरल्यावर वणावर हलक्या हाताने मालिश करायची, म्हणजे तो खाली चिकटून राहत नाही. अंगठ्याच्या पाठीवर बधिरपणा किंवा मुंग्या येऊ शकतात, कारण तिथून एक नाजूक मज्जातंतू जातो. बहुतेकांना हा त्रास हळूहळू कमी होतो. पण हात अवाजवी सुजला, चमकू लागला, त्याचा रंग आणि घाम बदलला, आग सहन होईना, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावं.

खरा धोका सहाव्या ते बाराव्या आठवड्यांत असतो. जुनी कळ गेलेली असते, हात हलू लागलेला असतो आणि घरात सगळे म्हणतात, ‘आता बरी दिसतेस की!’ एवढ्यावर बाई कणीक मळायला घेते. आतली गादी तेव्हा अजून कोवळी असते. या दिवसांत तांदूळ निवडावेत, वाती वळाव्यात, कपड्यांच्या हलक्या घड्या घालाव्यात. घट्ट झाकणं, भरलेली कळशी, कपडे पिळणं, विळीवर नारळ खवणं ही कामं निदान तीन महिने दुसऱ्यांची. कुणाला किती दिवसांनी काय जमेल, हे शस्त्रक्रियेच्या पद्धतीवरही ठरतं, म्हणून आपल्या डॉक्टरांचा शब्द प्रमाण मानावा. पण ही विश्रांती औषधाइतकीच गरजेची आहे आणि ती बाईने मागून घ्यावी लागू नये. शिंपी, सुतार, न्हावी यांच्या बाबतीत तर घराबरोबर दुकानाचाही विचार आधी करावा लागतो.

चिमटीतलं बळ सर्वांत शेवटी परततं. दुखणं पहिल्या काही महिन्यांत बरंच हटतं, पण जोर वाढत राहतो तो सहा महिने, कधी वर्षभर. जाड मुठीच्या सुऱ्या, झाकणाखाली धरायचा रबराचा तुकडा, बोटांऐवजी तळव्याने मळण्याची सवय, हे सगळं पुढेही सुरू ठेवण्यासारखं आहे.

म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरवताना घरातलं कॅलेंडर समोर घ्यावं. दिवाळीचा फराळ उरकून मार्गशीर्षात शस्त्रक्रिया केली, तर पुढच्या भाद्रपदापर्यंत नऊ महिने हाती येतात. तोवर अंगठा आणि दोन बोटं मिळून मोदकाच्या कळ्या पाडायला बहुतेक तयार झालेली असतात. गरम उकड मळायचं काम मात्र त्या वर्षी घरातल्या दुसऱ्या कुणी घ्यावं.