‘कबूल’ म्हणण्याआधी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मीही ते ऐकले आणि मोठेपणी चार जणांना ऐकवले. पण २०१६ च्या पावसाळ्यानंतर ती पायरी मला चढावी लागली, एकदा नव्हे, जवळजवळ तीन वर्षे. तिथे काय शिकलो ते आज सांगणार आहे. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी दुचाकी किंवा मोटार आहे, आणि माझ्या पुतण्यावर जी वेळ आली ती कुणावरही येऊ शकते.

पुतण्या साताऱ्याहून पुण्याकडे मोटार घेऊन निघाला होता. संध्याकाळची वेळ, भुरभुर पाऊस. दुभाजकाच्या मोकळ्या फटीतून एक मोटारसायकल अचानक आडवी आली. त्याने ब्रेक दाबले, तरी धक्का बसलाच. मोटारसायकलवरच्या गृहस्थांच्या डोक्याला सहा टाके पडले. सुदैवाने हाड मोडले नाही. पुतण्याने त्यांना स्वतःच्याच गाडीतून दवाखान्यात नेले आणि तिथूनच पोलिसांना कळवले. यात त्याने काही विशेष केले असे नाही. जखमीला उपचार मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे हे मोटार वाहन कायद्याने चालकाचे कर्तव्यच ठरवले आहे.

तरीही गुन्हा दाखल झाला. फिर्यादीत नेहमीचे वाक्य होते: ‘हयगयीने, अविचाराने, रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून, भरधाव वेगाने वाहन चालवून’. कलमे २७९ आणि ३३७, भारतीय दंड संहिता.

पहिल्या तारखेला आम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात उभे होतो. एक ओळखीचे गृहस्थ भेटले. म्हणाले, ‘‘एवढं काय घाबरताय? साहेबांनी विचारलं की कबूल म्हणायचं. हजार-पाचशे दंड होईल. दुपारी जेवायला घरी. उगाच वकिलाची भर कशाला करता?’’

मला हा सल्ला पटला होता, हे आज कबूल करतो. कलम २७९ ला शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वकिलाची फी त्या दंडाच्या कितीतरी पट होणार होती. नुसता हिशेब मांडला तर दंड भरणेच स्वस्त होते. पण पुतण्या सरकारी नोकरीच्या परीक्षा देत होता. त्याच्या वडिलांनी हट्ट धरला, की निदान एकदा कुणाला तरी विचारू. म्हणून त्या दिवशी पुढची तारीख मागून घेतली आणि त्याच कोर्टात रोज काम करणाऱ्या एका वकीलबाईंकडे गेलो.

बाईंनी पहिली गोष्ट कोणती केली असेल? मला बाहेर बसायला सांगितले. अशिलाने वकिलाला सांगितलेली गोष्ट कायद्याने गुप्त राहते. काकासमोर सांगितलेल्या गोष्टीला ते संरक्षण नसते. आत त्यांनी पुतण्याला विचारले, ‘‘खरं सांग, किती वेगात होतास?’’ तो म्हणाला, ‘‘साठच्या आसपास. मर्यादेच्या आत होतो. पण मॅडम, पाऊस होता, अजून हळू असायला हवं होतं.’’ हे सगळे त्याने मला नंतर सांगितले. बाईंनी त्याचे बोलणे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाल्या, ‘‘ही तुझी हळहळ आहे. चांगलं आहे, पुढे उपयोगी पडेल. पण कोर्ट विचारणार आहे ते वेगळं. माणसाचा जीव धोक्यात येईल इतक्या बेदरकारपणे किंवा हयगयीने तू गाडी चालवलीस का?’’

मग त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून एक फरक समजावला. आजच्या भाषणातून तुम्ही तेवढाच लक्षात ठेवलात तरी पुरे.

वेगमर्यादा ओलांडल्याचे चलन ही एक गोष्ट. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खालील त्या गुन्ह्यात तडजोड शुल्क भरता येते, आणि ते भरले की प्रकरण तिथेच संपते. बेदरकारपणे वाहन चालवल्याचा दंड संहितेखालचा गुन्हा ही अगदी दुसरी गोष्ट. त्यात ‘कबूल’ म्हणणे म्हणजे नुसता दंड भरणे नव्हे. त्याचा अर्थ दोषी ठरणे. जखमी माणसाने ‘माझी काही तक्रार नाही’ असे लिहून दिले, तरी खालच्या कोर्टात त्या कलमाची तडजोड होत नाही. उद्या नोकरीच्या अर्जात ‘आपणास कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय?’ असा रकाना असेल, तर तिथे ‘होय’ लिहावे लागते. तेवढ्याने नोकरी जाईलच असे नाही. मात्र ते लपवले तर जाऊ शकते.

ही कलमे आता बदलली आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जुन्या २७९ च्या जागी कलम २८१ आले. गंमत अशी, की दंडाचा आकडा १८६० साली होता तोच राहिला, हजार रुपये! तेव्हा ती मोठी मालमत्ता होती. आज तो आकडा माणसाला फसवतो. दंड किरकोळ, म्हणजे गुन्हाही किरकोळ, असे वाटू लागते.

खटला उभा राहिला. आरोपीला फिर्याद, पंचनामा आणि जबाबांच्या प्रती विनामूल्य मिळतात. बाईंनी त्या बारकाईने वाचल्या. पंचनाम्यात दुभाजकातली फट नोंदलेली होती, ब्रेकच्या खुणाही होत्या. वेग मात्र कुणीच मोजलेला नव्हता. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने सांगितले, ‘‘गाडी भरधाव होती.’’ बाईंनी आवाज न चढवता विचारले, ‘‘तुम्ही तेव्हा कुठे होतात?’’ तो म्हणाला, ‘‘टपरीत चहा घेत होतो. आवाज झाला तसा बाहेर आलो.’’ त्यांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. युक्तिवादात मात्र १९९८ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल दाखवला. केवळ ‘वेगात होती’ एवढ्यावरून बेदरकारपणा किंवा हयगय सिद्ध होत नाही, असे त्यात म्हटले आहे. २०१९ मध्ये पुतण्या निर्दोष सुटला.

श्रोतेहो, इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या तीन वर्षांत मला अधूनमधून टोचणी लागायची. त्या गृहस्थांच्या डोक्याला टाके पडले होते, आणि आपण पैसे देऊन वकील लावून सुटू पाहतो आहोत, हे बरे का? एकदा मी बाईंना हे बोलून दाखवले. त्या म्हणाल्या, ‘‘जखमीची भरपाई या खटल्यात नाही. ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात ठरते. तिथे पुराव्याची कसोटी वेगळी आहे. इथे हा सुटला म्हणून तिथे त्यांचं तोंड बंद होत नाही. तुम्ही विमा कंपनीला वेळेत कळवलंत ना? मग त्यांची वाट अडवू नका, म्हणजे झालं.’’ आम्ही अडवली नाही. गाडीचा विमा चालू होता, त्यातून त्यांना भरपाई मिळाली. निकालानंतर पुतण्या त्यांना भेटूनही आला. मोटारसायकल फटीतून घातली ही चूकच झाली, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. यानेही आपण हळू असायला हवे होते, असे सांगितले. कोर्टात जे बोलता आले नसते, ते दोघे घरी चहा घेताना बोलले.

गोष्ट इथे संपली असती. पण २०२२ मध्ये पुतण्याचा फोन आला. ‘‘काका, एक्सप्रेस वेवर चलन आलंय, वेगाचं. मॅडमना विचारू का? लढता येईल?’’ मी म्हटले, विचार. बाईंनी फोनवर तोच प्रश्न विचारला: ‘‘किती वेगात होतास?’’ तो म्हणाला, ‘‘एकशे अठराला.’’ तिथे मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. ‘‘फोटोतली गाडी तुझीच?’’ ‘‘हो.’’ ‘‘मग पैसे भर. आणि फी मला देण्याऐवजी पाय ब्रेकवर ठेवायला शीक.’’

एकाच वकिलाने, एकाच माणसाला दोन वेळा दोन उलट सल्ले दिले, आणि दोन्ही बरोबर होते. वकील कशासाठी करायचा, हे मला त्या दिवशी नीट कळले. प्रत्येक गोष्टीतून सोडवून आणण्यासाठी तो नसतो. आपण नेमके कशात अडकलो आहोत, हे तोंड उघडण्याआधी कळावे म्हणून तो असतो.

अर्थात चलनही चुकीचे असू शकते. गाडी विकून टाकलेली असते, नंबर चुकीचा वाचला जातो. अशी तक्रार ऑनलाइन नोंदवता येते, त्यासाठी लगेच वकील लागत नाही. आणि प्रकरण कोर्टात गेलेच, तर एकट्या साक्षीदाराच्या ‘मला वाटले गाडी जोरात होती’ एवढ्या मतावर वेगाच्या गुन्ह्यात दोषी ठरवता येत नाही. त्या मताला यंत्राने केलेल्या मोजणीचा आधार लागतो, असे कलम १८३ मध्येच लिहिले आहे.

शेवटी, वकील कसा निवडावा याबद्दल दोन शब्द. त्या कोर्टात नेहमी काम करणारा निवडावा. फी किती आणि कोणत्या टप्प्यावर द्यायची, हे आधी लिहून घ्यावे. ‘सोडवून देतो, गॅरंटी’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून उठावे. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. आणि फी परवडत नसेल तर ‘कबूल’ म्हणण्याची घाई करू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार मोफत वकील मिळू शकतो. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि कोठडीतील व्यक्ती यांना तर उत्पन्नाची अट न लावता. १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते.

पुतण्या आज नोकरीत आहे. अर्जातल्या रकान्यात त्याने खटल्याची आणि निर्दोष सुटल्याची माहिती खरी-खरी लिहिली होती. शिक्षेच्या रकान्यात ‘नाही’ लिहिता आले. व्हरांड्यातल्या त्या सल्ल्याने आमचे काही हजार रुपये वाचले असते, पण तो एक शब्द बदलला असता.

कोर्टाची पायरी चढू नये हे खरेच. पण चढावी लागलीच, तर वर पोचण्याआधी कुणा जाणत्याला विचारावे. आणि वकीलबाईंचा ब्रेकबद्दलचा सल्ला पाळला, तर अनेकदा ती पायरी चढावी लागतच नाही.