खपली सारखी, रोग वेगळे
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आपण कपाशी-ज्वारीवाले. पण विहिरीला पाणी लागले की आपल्यातले बरेच जण धुऱ्यावर चार लिंबे, नाहीतर एकरभर संत्रा लावतात. पुढे फळावर, पानावर खपल्या दिसतात. आपण पान खुडून दुकानात जातो आणि दोन-तीन औषधे घेऊन येतो. रोग कोणता, हे ना देणाऱ्याने पाहिलेले असते, ना घेणाऱ्याने. पैसा मात्र आपला जातो. म्हणून आधी रोग ओळखायला शिकू.

पहिला खैऱ्या. हा जिवाणूचा रोग. त्याचा ठिपका पानाच्या दोन्ही बाजूंना उमटतो, मधोमध खळगा आणि भोवती पिवळे वलय असते. आपल्याकडे कागदी लिंबावर बहुधा हाच असतो. संत्र्याला तो कमी धरतो.

दुसरा स्कॅब, म्हणजे खपली रोग. हा बुरशीचा. पानाच्या एका बाजूला चामखिळीसारखा फोड वर येतो, त्याच जागी दुसऱ्या बाजूने पान आत दबते. पान वेडेवाकडे होते. पिवळे वलय सहसा नसते.

फक्त जिवाणूवर चालणारे औषध बुरशीला मारत नाही. बुरशीवरचे कार्बेन्डाझिम खैऱ्याला हात लावत नाही. चुकीची फवारणी म्हणजे पैसे मातीत.

स्कॅबच्याही दोन बुरशी आहेत. एल्सिनो फॉसेटी पान, फांदी, फळ सगळ्यांवर येते. जंभेरीला ती फार धरते आणि आपल्या संत्र्याचे कलम बहुधा जंभेरीच्या खुंटावरच असते. दुसरी एल्सिनो ऑस्ट्रॅलिस. ती मुख्यतः मोसंबीवर्गाच्या आणि संत्र्याच्या फळावर येते, पान बहुधा निरोगी राहते. ही मूळची दक्षिण अमेरिकेत माहीत असलेली बुरशी 2010 साली अमेरिकेत टेक्ससमध्ये सापडली. या दोघींमधला फरक नुसत्या डोळ्यांनी खात्रीने सांगता येत नाही, प्रयोगशाळाच लागते.

बुरशी कोवळ्या नवतीवर आणि पाकळ्या गळल्यावर पहिले सहा-आठ आठवडे लहान फळावर बसते. तिला ओल लागते. जून पानावर ती नव्याने बसत नाही. म्हणून खपली वाळल्यावर फवारून काही होत नाही. तांबेयुक्त औषध मारायचे ते नवती फुटताना आणि फळ धरताना. पन्हेरीत रोपांवर वरून पाणी शिंपडू नये, दाटी करू नये. खपलीचे कलम फुकट मिळाले तरी घेऊ नये.

आणि एक लक्षात ठेवा. स्कॅब सालीवरच राहतो, आतला गर चांगला असतो. व्यापारी मात्र "रोगट माल" म्हणून भाव पाडतो. वाऱ्याने घासलेल्या फळालाही तो तेच म्हणतो. रोग ओळखता आला, तर आपण फळ कापून त्याच्यापुढे धरू शकतो.

शंका आली तर पाने आणि फळे कागदी पिशवीत घालून नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत किंवा कृषी विद्यापीठात दाखवा. गावातल्या चौघांनी मिळून एकाला पाठवा, एसटीचे भाडे वाटून घ्या. एका चुकीच्या फवारणीपेक्षा ते स्वस्त पडते.