जे पाठ असतं, तेच ओठांवर येतं

 

आज बोलायचं आहे गाण्याबद्दल. उपासनेत आपण गातो ते कशासाठी? अनेकांना वाटतं, उपदेश हाच खरा गाभा. गीतं म्हणजे उशिरा येणाऱ्यांना जागा शोधायला मिळालेला वेळ. पण बायबल उघडून पाहा. शेवटच्या भोजनानंतर येशू आणि त्याचे शिष्य स्तोत्र गाऊन मगच जैतुनाच्या डोंगराकडे निघाले. पुढे वधस्तंभ आहे, हे प्रभूला ठाऊक होतं. तरी गाणं टळलं नाही. फिलिप्पैच्या तुरुंगात पौल आणि सीला यांना फटके बसले होते, पाय खोड्यात अडकवले होते. मध्यरात्री ते गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते. तिथं हातात पुस्तक नव्हतं, दिवाही नव्हता. जे पाठ होतं, तेच ओठांवर आलं.

मंडळी, गाण्याचं मोठं काम हेच आहे. ऐकलेला उपदेश बुधवारपर्यंत विसरतो. गायलेली ओळ वर्षानुवर्षं राहते. म्हणूनच पौल कलस्सैच्या मंडळीला लिहितो की स्तोत्रं आणि गीतं यांच्या द्वारे एकमेकांना शिकवा. म्हणजे गाणारा प्रत्येक जण शेजाऱ्याचा शिक्षक असतो, मग आवाज कसाही असो.

दुसरं असं, की गीत आपल्याला आपल्यापेक्षा मोठी प्रार्थना देतं. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि ती सगळी आनंदाची नाहीत. कितीतरी स्तोत्रांत रडणं आहे, देवाला जाब विचारणं आहे. 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. फक्त टाळ्यांची गाणी गाणारा माणूस दुःखाच्या दिवशी मुका होतो. ज्यानं विलापही गायला आहे, त्याला त्या दिवशीही देवाशी बोलता येतं. श्रद्धेची वाढ म्हणतात ती हीच.

आता आपल्या मराठीकडे येऊ. 1616 साली गोव्यात रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. हे इंग्लंडहून आलेले जेझुइट धर्मगुरू. पण ख्रिस्ताची कथा त्यांनी सुमारे 11 हजार ओव्यांत मांडली. नव्या ख्रिस्ती लोकांची पुराणं सुटली होती आणि त्यांच्या जागी गायला-ऐकायला काहीतरी हवं होतं. पुढे मिशनऱ्यांच्या काळात बरीच गीतं इंग्रजीतून भाषांतरित होऊन परक्या चालींवर गायली जात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. तुकोबांच्या अभंगांवर वाढलेला हा कवी ख्रिस्ताला अभंग, ओवी आणि भजनातून हाक मारू लागला. त्यांची कितीतरी पदं ‘उपासना संगीत’मध्ये आहेत. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. टिळकांमुळे मराठी माणसाला येशूची भक्ती करताना आपला सूर बदलावा लागला नाही.

आता तुमच्या घरात डोकावा. मुलं इथल्या चर्चमध्ये इंग्रजी गाणी छान गातात, त्यात काही वाईट नाही. पण आजी फोनवर प्रार्थना करते तेव्हा त्यांना काय कळतं? उद्या ती अंथरुणाला खिळली, तिला नावंही आठवेनाशी झाली, तर तिच्या उशाशी बसून काय गाणार? बोलणं हरवलं तरी लहानपणचं गाणं पुष्कळदा शेवटपर्यंत राहतं. तिच्याबरोबर गायला घरात कोणीतरी हवं ना!

म्हणून एक साधी गोष्ट करा. महिन्याला एकच मराठी गीत घ्या. मुलांना देवनागरी वाचता येत नसेल तर रोमन अक्षरांत लिहून द्या. पण आधी पाच मिनिटं अर्थ सांगा. न समजता म्हटलेली ओळ ही नुसती चाल असते. चाल येत नसेल तर गावाकडे फोन करा. मामा, मावशी, आजोबा, कोणीतरी गाऊन दाखवेल, आणि बोलायला नवा विषयही मिळेल. पेटी-तबला नसला तरी चालेल, टाळ्या पुरेत. गाडीत म्हणा, भांडी घासताना म्हणा. आणि वर्षात एखादं तरी दुःखाचं, क्षमा मागण्याचं गीत निवडा.

मुलगा म्हणेल, मला लाज वाटते. त्याला दटावू नका. तुम्ही गात राहा. घरात रोज कानावर पडणारं गाणं मुलं शिकवल्याशिवायही उचलतात.

वर्षाअखेर बारा गीतं होतील. दिसायला लहान शिदोरी आहे. पण तुमच्या लेकरांवर एखादी काळी रात्र आली, जवळ पुस्तक नसलं आणि आपणही नसलो, तर यातलंच एखादं गीत त्यांच्या ओठांवर येईल.

या रविवारी पहिलं गीत ठरवा. प्रभू तुमच्या घराला आशीर्वाद देवो. सलाम.